एकाहत्तरावं पान

सही होणार नाही, हे मी तुम्हाला दारातच सांगितलं होतं. तरी तुम्ही आत आलात, बसलात, पेनचं टोपणही काढून ठेवलंत — लावा ते, शाई वाळेल. आणि कोपर जरा उचला. गिऱ्हाइकाची पँट आहे ती, दुमड सोडायचीय अजून. हां. आता बोला. नाही, नकाच बोलू, तुमचं बोलणं मी वाचलंय. एकशे अडतीस पानं. काय वाटलं तुम्हाला — कपडे दुरुस्त करणारी बाई, ती कशाला वाचत बसतेय, शेवटचं पान उघडून सही ठोकेल? तीन दुपारी लागल्या मला. मशीन बंद ठेवून वाचलं.

चहा विचारणार नाही. उगाच वाट बघू नका.

तर माझ्या दोन भावांवर सिनेमा. करा. माझ्या परवानगीवाचून तुमचं अडतं असं नाही, हे मला कळतं. तुमच्या त्या निर्मात्याला कागद हवाय, उद्या कुणी कोर्टात जाऊ नये म्हणून. आणि मी तरी काय, माझे भाऊ चांगले होते असं म्हणायला बसलेली नाही. चांगले नव्हते. ट्रक अड्ड्यावर आमच्या माणसांशिवाय एक खोका खाली उतरत नसे, आणि दुसऱ्या कुणी उतरवला तर त्याचं काय व्हायचं ते तुम्ही लिहिलंयत, बरंचसं बरोबर लिहिलंयत. माझ्याकडे एक माणूस येतो, वर्षातून दोन-तीनदा. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, म्हणून मी त्याची काजं शिवून टाकते, वर नुसती दिसायला बटणं लावते आणि आतून चिकटपट्टी देते. ती दोन बोटं थोरल्याने शटरमध्ये चेपली. तो माणूस कधी बोलत नाही त्याबद्दल, मीही नाही. शर्ट आणतो, शर्ट नेतो. हे तुमच्या एकशे अडतीस पानांत कुठे आहे? नाही. तुमच्याकडे टोप्या आहेत, लांब कोट आहेत, मोटारींची दारं धाडधाड लागतायत. भर उन्हाळ्यात कोट घालून कोण फिरतं हो? थोरला आयुष्यभर अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घालायचा, खिशात खडू. कुठला ट्रक आपला, कुठला नाही, त्यावर खूण करायला खडू. म्हणून त्याला अड्ड्यावर मास्तर म्हणायचे. आणि धाकटा भिंगरी, कारण त्याला एका जागी दोन मिनिटं बसवत नसे. या खुर्चीवर बसला की पाय हलवायचा, सगळी जमीन थरथरायची, माझ्या मशीनची सुई तुटायची. ही नावं तरी बरोबर घेतलीत.

आणि ती बाई. कोण हो ती? तिसाव्या पानावर येते, लाल साडी, दोघं तिच्यावरून भांडतात, आणि तिथून म्हणे घर फुटलं. बाईवरून नाही फुटलं. टेम्पोवरून फुटलं. हसू नका, खरंच टेम्पोवरून. बाबांनी धंद्याला सुरुवात केली तो जुना टेम्पो, तीन वेळा इंजिन बदललेला, पुढची काच दोरीने बांधलेली. बाबा गेले आणि महिन्याच्या आत थोरल्याने तो भंगारात घातला. विचारलं नाही कुणाला. त्याच्या लेखी ते लोखंड होतं, जागा अडवत होतं. आणि धाकटा त्याच टेम्पोच्या मागच्या फळीवर लहानाचा मोठा झाला होता, आईला बरं नसायचं तेव्हा बाबा त्याला तिथेच झोपवायचे. तो भंगारवाल्याकडे गेला तेव्हा नुसतं स्टिअरिंग उरलं होतं. ते घेऊन आला आणि थोरल्याच्या जेवणाच्या ताटात ठेवलं. ताटात, बरं का, शेजारी नाही. थोरल्याने ते उचलून बाजूला ठेवलं आणि जेवला. एवढंच झालं. त्यानंतर आठ दिवसांत थोरल्याची वखार जळली, राखणदाराची पाठ जळली, आणि मग आईनेच नदी मध्ये घातली. पुलाच्या अलीकडचं थोरल्याचं, पलीकडचं धाकट्याचं. सख्खे भाऊ, पक्के वैरी. पण तुमच्या निर्मात्याला टेम्पो चालत नसेल. टेम्पोला लाल साडी नेसवता येत नाही.

मी? मी तुमच्या सिनेमात तीन पानं आहे. तिन्ही पानांवर रडते. एकदा खिडकीत, एकदा जिन्यात, एकदा आईच्या पायाशी. तुम्हाला कुणी सांगितलं मी रडते म्हणून? विचारा या इमारतीत कुणालाही.

असो. मुद्द्यावर येते. सगळं चालवून घेईन. कोट चालवून घेईन, लाल साडी चालवून घेईन, माझं रडणंही चालवून घेईन. एकाहत्तरावं पान काढा, मी आत्ता सही करते. काढा म्हणजे फाडा, माझ्यासमोर. थोरला गॅलरीत येतो, दोरीवरची चादर ओढून काढतो, खाली बघून हसतो — हे पान. हे झालेलं नाही.

सांगते. तुम्हाला नीट माहीत नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. चादर म्हणजे तुम्ही कसली तरी टोळीची खूण केलीत. टोळीची नव्हती, आईची होती. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली — इथे, या आतल्या खोलीत. दोघांनाही तिला भेटायचं असायचं, आणि समोरासमोर आले असते तर त्यांनी एकमेकांना काय केलं असतं देव जाणे. म्हणून आईने ठरवून दिलं. एक जण वर आला की गॅलरीतल्या दोरीवर चादर घालायची, ती निळ्या काठाची. दुसरा कोपऱ्यावर पोचला, मान वर केली, चादर दिसली की तसाच मागे. दोरी रिकामी असली की वर या. आणि घरात हत्यार नाही. ज्याच्याबरोबर माणूस असेल त्याने तो वरच्या जिन्यात बसवायचा, वर्तमानपत्र वाचत. तो उंबऱ्याच्या आत येणार नाही, हाही नियम. चार वर्षं चाललं. ऊन असो, पाऊस असो. शेजारची म्हणायची, तुमच्याकडे कपडे पावसातच वाळतात का हो? मी म्हणायचे, आमचं सगळंच उलटं. अड्ड्यावर दोन्हीकडची पोरं भोसकाभोसकी करायची, आणि इथे चादर. एकदा थोरला तापाने फणफणलेला, आईजवळ झोपून राहिला, तर धाकटा चार तास खाली बेकरीसमोर उभा. चादर निघाल्यावर वर आला आणि उशी उलटी केली. थोरल्याच्या घामाची होती ना. उलटी केली आणि तिच्यावर डोकं टेकलं. आता हे काय होतं ते तुम्ही लिहा, तुम्ही लेखक. मला सतरा वर्षांत कळलेलं नाही.

कुणी आलं वाटतं — या ताई, या. सलवार झालीय हो, पाव इंच जास्त सोडलीय, धुतल्यावर आटते ही जात. बघा, टीप आतून मारलीय, दिसणार नाही. हे? हे काही नाही, विम्याचे आहेत. बरं, बरं. सावकाश जा, खालच्या पायरीवर फरशी हलते.

विम्याचे म्हटलं. मग काय म्हणू, माझ्या भावाचा खून करायला आलेत म्हणू? तेच करताय तुम्ही. तोंड असं करू नका. थोरला पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला सुटतोय. माहीत आहे ना? आहेच, तुमच्या लोकांनी तारीख बघूनच काम काढलंय. आणि माझा भाचा — धाकट्याचा मुलगा — तुमच्याकडे सल्लागार म्हणून बसतो, त्याचं नाव पडद्यावर येणार. तोच तुम्हाला गोष्टी सांगतो. काय सांगत असेल? तेव्हा नऊ वर्षांचा होता तो. त्याला जे माहीत आहे ते एक तर त्याच्या आईने सांगितलेलं, नाहीतर मी. वहिनी सांगत आली की थोरल्याने चादर काढायला लावली, धाकट्याला वर यायला फसवलं आणि जिन्यात मारला. मी सांगत आले की वाऱ्याने उडाली. सतरा वर्षं मी त्याला वारा सांगतेय. आणि त्याने माझं धरलं, कारण मी घरात होते, वहिनी नव्हती. दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतो तो. पूल ओलांडून. वहिनी बोलत नाही माझ्याशी, पण त्याला अडवलं नाही कधी तिने, एवढं म्हणेन. परवा इथे, तुम्ही बसलात तिथेच बसून मला म्हणाला, आत्या, मी बारा तारखेला काकाला घ्यायला जाणार, तुरुंगाच्या दारात. म्हटलं, जा बाबा. तर म्हणाला, वारा असेल तर घ्यायला जाईन. नसेल, तरी जाईन. आणि जेवला. थोरल्यासारखा जेवला, मान खाली घालून.

आता कळलं एकाहत्तरावं पान म्हणजे काय ते? शुक्रवारी तुम्ही त्याला संहिता देणार, त्याच्या सहीसाठी. तो ते पान वाचणार. छापलेलं. तोंडी शंभर लोक सांगोत, छापलेलं वेगळं असतं. तुम्हाला पुढचा सिनेमा मिळेल. मला थोरला मिळणार नाही, आणि तो पोरगा आयुष्यभर आत जाईल. काकासाठी चढले, आता त्याच्यासाठी पुन्हा मी त्या कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या का?

कोर्टाचे कागद? असतील ना. तुम्ही वाचलेत, छान. हो, कबूल केलं त्याने. जिन्यात ज्याने गोळ्या घातल्या तो थोरल्याचा माणूस, तो आतच मेला पुढे. आणि थोरल्याने पोलीस वर आले तेव्हा कुणी विचारायच्या आधीच सांगितलं, चादर मी काढायला लावली. एक वाक्य. पुढे कोर्टातही तेच. वकिलाने डोकं आपटलं. त्या एका वाक्यावर सतरा वर्षं गेली त्याची. पण कबूल केलं म्हणजे खरं झालं? तुम्ही कधी खोटं कबूल केलेलं नाही? शाळेत, घरात, बायकोजवळ? तो वाऱ्यावर कसा ढकलेल, कोण विश्वास ठेवेल, लोक म्हणतील मास्तर आता वाऱ्याच्या मागे लपतो. माज होता त्याला. माजापायी बोलला. हे लिहा.

काय? चिमटे? लावायचे ना. दोन्ही टोकांना आणि मध्ये एक. मीच लावायचे. निसटतात चिमटे, लाकडी होते, स्प्रिंग सैल होते त्यांची. तुम्ही काय पंचनामा करताय का माझा? चादर मग कुठे सापडली म्हणजे? रस्त्यावर नाही सापडली. घरातच होती, बादलीत. भिजत. कारण आईने — आईचं सगळं अंथरुणात व्हायला लागलं होतं तोपर्यंत, तुम्हाला तपशील हवेत तर घ्या, लिहा तेही, सिनेमात दाखवा. ती चादर त्या दिवशी आईखाली घातली होती, खराब झाली, बादलीत टाकली. वारा असं मी म्हणते कारण — पोराला नवव्या वर्षी काय सांगणार, आजीने अंथरूण ओलं केलं म्हणून तुझा बाप गेला? वारा म्हणजे आपलं एक बोलायचं. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा. दुसरी चादर घालता आली असती? आली असती. घरात सहा चादरी होत्या. पण ठरलेली निळ्या काठाची, दुसरी घातली तर ते साधे कपडे, धाकट्याला कळणार नाही. रोज वाळत नाहीत का कपडे माणसाच्या घरी.

माझ्याकडे असं बघू नका. मी सांगते तो दिवस, एकदाच सांगते, आणि तुम्ही ते पान फाडायचं. मंगळवार होता. मंगळवारी दुपारी थोरला यायचा, आईला भरवायला. माझ्या हातून खायची नाही ती मंगळवारी, त्याची वाट बघायची. शेवटी शेवटी तिला माणूस कळत नव्हता. त्याला धाकट्याच्या नावाने हाक मारायची आणि धाकटा आला की त्याला थोरल्याच्या. आणि सारखं एकच, दोघं कुठे आहेत, दोघांना बोलाव, दोघांना एका ताटात वाढ. दिवसभर. चार-चार वाजेपर्यंत रात्री. तुम्ही केलंय का कुणाचं, असं? नुसतं बघायला येणं वेगळं. ते दोघं यायचे, तासभर बसायचे, डोळे पुसायचे आणि जायचे, आणि तासाभराने ती मला विचारायची, दोघं आले नाहीत ना? मी म्हणायचे, येऊन गेले. ती म्हणायची, खोटारडी. चार वर्षं मी चादर घालतेय, चादर काढतेय, त्यांच्यासाठी आत-बाहेर करतेय. माझं लग्न त्यात मोडलं, ते तुमच्या तीन पानांत नाही. कोण मागणी घालायला येणार होतं, दोन टोळ्यांच्या मधल्या घरात. तर त्या दिवशी थोरला आला, त्याचा माणूस नेहमीसारखा वरच्या जिन्यात बसला. मी गॅलरीत गेले, आणि आईने आतून हाक मारली, दोघांना बोलाव गं. नेहमीसारखीच. फार मोठ्याने नाही. मी निरोप दिला तेव्हा धाकटा दाढी करत होता, म्हणाला, अर्धी झालीय, पुसून येतो —

काय?

कुणाला म्हणजे. त्याला. फोन केला होता. आई विचारतेय म्हणून.

हो, थोरला आत असताना.

लिहिताय काय? ठेवा ते पेन. ठेवा खाली.

तुम्ही फार हुशार आहात. बाईला बोलू द्यावं, भांडू द्यावं, मग ती आपोआप ओकते, असं शिकवतात का तुम्हाला? आणि मी बसले इथे कात्री हातात धरून, तुमच्या कोटांना हसत. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय.

नाही उडाली. नाही भिजत होती. बादलीत मी नंतर टाकली. चादर माझ्या खांद्यावर होती, चिमटे माझ्या ओच्यात होते, आणि मी घातली नाही. वीस पावलांवर दोरी. फोन केला, ये म्हटलं, लगेच ये, आणि खुर्चीवर येऊन बसले, या मशीनसमोर. मला वाटलं — मला काय वाटलं ते ऐका, आलाच आहात तर. मला वाटलं, तो दारात येईल, थोरला घास हातात धरून वर बघेल, आई मध्ये असेल, आणि दोघांना काही सुचणार नाही. हातात हत्यार नाही कुणाच्या, नियमच तो. पाच मिनिटं शिव्या देतील, मग आई दोघांपैकी कुणाला तरी चुकीच्या नावाने हाक मारेल आणि ते हसतील. लहानपणी हसायचे तसे. एवढं मी बसवलं होतं मनात. आणि चार वर्षं नियम पाळणारी मी, मला जिन्यातल्या माणसाची आठवण नाही झाली. तो वर्तमानपत्र वाचणारा. दर खेपेला त्याला पाणी नेऊन देणारी मी. त्याच्या डोक्यात एकच बसलेलं होतं, चादर असताना धाकटा जिना चढणार नाही, आणि चढला तर मारायला चढला. चादर नाही हे त्याला वरून दिसत नव्हतं. त्याचं काय चुकलं? नियमाने चुकलं नाही काही. धाकट्याने कोपऱ्यावरून वर बघितलं, दोरी रिकामी, तो शीळ घालत आला. शीळ मी ऐकली. दोन गोळ्या. अर्ध्या गालाला साबण होता त्याच्या.

थोरला बाहेर आला, त्याच्याजवळ खाली बसला, जिन्यातच. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. चादर अजून खांद्यावर होती माझ्या, मला कळलंही नव्हतं. तो म्हणाला, ती भिजत टाक. हळू म्हणाला, जसं काही मला धुणं सांगतोय. मी आत गेले, टाकली. बाहेर येईपर्यंत पोलीस, शेजारी, बेकरीवाला — तो ओरडत होता, दोरी रिकामी होती, दोरी रिकामी होती — आणि थोरला म्हणाला, मी काढायला लावली.

नाही, माज नव्हता. मघाशी म्हटलं ते जाऊ द्या. धाकट्याची पोरं होती पुलापलीकडे, दोनशे पोरं. ती बाई-माणूस बघणार होती का? त्याने त्या एका क्षणात एवढं सगळं मोजलं. आणि मी गप्प राहिले. दर महिन्याला त्याला भेटायला जाते, जाळीच्या पलीकडे बसतो, आईची चौकशी करायचा, आई गेल्यापासून पोराची करतो. काय शिकतो, काय खातो, अड्ड्यावर तर जात नाही ना. त्या दिवसाबद्दल कधी नाही. मी एकदा तोंड उघडलं होतं, तर उठून गेला. दोन महिने भेटला नाही. मग मी शिकले.

का नाही सांगितलं पोराला — तुम्हाला विचारायला सोपं आहे. त्या रात्री माझ्या मांडीवर झोपला होता तो. वहिनी शुद्धीत नव्हती. त्याच्या मुठीत माझा पदर. मी म्हटलं, मोठा होऊ दे. मग म्हटलं, दहावी होऊ दे. मग नोकरी लागू दे. दर रविवारी येतो हो तो. दुसरं कोण येतं माझ्याकडे.

तुमचे डोळे बघा. आरशात बघा, तो तिकडे आहे, ट्रायलचा. चमकतायत. आवडलं ना? मनात पान बदलूनही झालं असेल, कोणती नटी घ्यायची तेही ठरलं असेल. मघापर्यंत मी तीन पानांत रडत होते, आता सगळा सिनेमा माझा. लाज नाही वाटत? बरोबर, मला विचारायला तोंड नाही. घ्या, लिहा. लिहा बहिणीने घातली नाही म्हणून. पण एक करा — शुक्रवारपर्यंत थांबा. रविवारी येईल तो जेवायला, नाही, रविवारी नको, मी त्याला उद्या बोलावते, मी सांगते माझ्या तोंडाने, मग तुम्ही नव्या पानासकट द्या त्याला काय द्यायचं ते —

काय म्हणालात?

परत म्हणा.

आज सकाळी. म्हणजे माझ्याकडे यायच्या आधी. त्याच्या घरी. आणि शुक्रवार म्हणजे? शुक्रवारी सही घ्यायची, संहिता आधीच दिली. अहो, मग दोन तास तुम्ही माझ्यासमोर बसून मला शुक्रवार शुक्रवार करू दिलंत? एका शब्दाने बोलला नाहीत?

वाचतो म्हणाला. बसून वाचतो म्हणाला, लगेच. तो हळू वाचतो, ओठ हलवत, लहानपणापासून. एकाहत्तर पानं — किती वाजले? घड्याळ तुमच्यामागे आहे.

फोन नको. फोनवर बोलावून बघितलंय मी एकदा. मी जाते. हो, पुलापलीकडे. सतरा वर्षांत गेले नाही, वहिनी दार उघडेल की नाही माहीत नाही, न उघडेना, दाराबाहेरून सांगेन. तिनेही ऐकायला पाहिजे. तिचंच जास्त आहे ते.

गाडी? तुमच्या गाडीत मी मेले तरी बसणार नाही. चालत वीस मिनिटं लागतात. लागू देत, कुठून सुरुवात करायची ते एवढ्यात सुचलं तर सुचलं.

माझी पर्स द्या ती. नाही, ती नाही, ती गिऱ्हाइकाची. हां. आणि तुमचे कागद उचला, एक पान इथे राहता कामा नये.

सही? उठा आधी. उठा म्हणते ना, मला कुलूप लावायचंय.